झोपेत ठोके १२०? बँडवरच्या रात्रीच्या सुळक्यांचा छडा कसा लावायचा

रातकिडा (धागाकर्ता)

सकाळी चहाच्या आधी मनगटावरच्या फिटनेस बँडचा रात्रीचा ग्राफ बघायची सवय आता घरोघरी लागली आहे. त्यातून एकच प्रश्न आरोग्याच्या प्रत्येक धाग्यावर डोकावतो आणि तिथल्या मूळ चर्चेत हरवतो, म्हणून वेगळा धागा काढतोय.

झोपेत हृदयाचे ठोके मिनिटाला ५२-५८ च्या आसपास सरळ चाललेले असतात. मध्येच, बहुधा दोन ते चारच्या दरम्यान, ११० ते १३० चा सुळका येतो. दोन-पाच मिनिटं टिकतो, कधी पंधरा. माणूस गाढ झोपेत, सकाळी काही आठवत नाही, दिवसा जिने चढताना त्रास नाही. बँड खोटं बोलतोय, शरीराचं नेहमीचंच काही चाललंय, की खरंच काही बिघडलंय, हे घरच्या घरी कुठवर ओळखता येतं? 'डॉक्टरला दाखवा' हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. दाखवताना सोबत काय न्यायचं, ते सांगा.

केळीवाला_जळगाव

बँड काढून केळ्याला बांधा. तिथेही ७२ दाखवलं की प्रश्न मिटला.

सर्किटवाला

केळीवाले गंमत करतायत, पण बरेच बँड केळ्याचे किंवा कागदाच्या गुंडाळीचे ठोके खरंच दाखवतात. कारण समजून घेतलं तर अर्धा धागा इथेच सुटेल.

बँडच्या पाठीवरचा हिरवा दिवा त्वचेत प्रकाश सोडतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. ठोका पडला, रक्त वाढलं, की परत येणारा प्रकाश किंचित घटतो. हा ठोक्यागणिक बदलणारा भाग एकूण परतलेल्या प्रकाशाच्या जेमतेम एक-दोन टक्के असतो, हात गार असेल तर त्याहून कमी. बाकी सगळा गोंगाट. त्या गोंगाटात ठरावीक अंतराने येणारं काहीतरी शोधायचं, एवढंच बँडमधल्या प्रोग्रामला शिकवलेलं असतं. केळ्यात काही सापडत नाही, तरी तो शोधत राहतो आणि जवळात जवळ बसेल तो आकडा देतो. रात्री पट्टा ढिला झाला की तुमचं मनगट त्याच्यासाठी केळंच.

आता सुळक्याची पहिली परीक्षा, ती भागाकाराची. सुळक्याचा आकडा भागिले त्याच्या लगेच आधीचा आकडा. उत्तर २ च्या अगदी जवळ आलं (५६ वरून ११२, ५९ वरून ११८), तर बँडने एक ठोका दोनदा मोजल्याचा संशय घ्या. नाडीच्या प्रत्येक लाटेला उतरताना एक खाच असते आणि तिच्यामागे दुसरा छोटा उंचवटा. महाधमनीची झडप मिटते तेव्हाची ती खूण. धमन्या लवचीक आणि ठोके संथ असतील तर हा दुसरा उंचवटा चांगला सुटा दिसतो आणि प्रोग्राम त्यालाही ठोका समजतो. त्यामुळे ही चूक तरुण, व्यायाम करणाऱ्या, ठोके ५० च्या घरात असलेल्या लोकांमध्ये जास्त अपेक्षित. सुळका बरोब्बर दुपटीवर उडी मारतो, तिथेच थांबतो आणि तसाच खाली येतो. खरं हृदय इतकं गणिती वागत नाही.

चिंचगूळ

भागाकार आवडला. पण १३० भागिले ५४ म्हणजे २.४ आलं तर?

सर्किटवाला

तर दुप्पट मोजणी नव्हे. मग पुढचं बघा: ॲपमध्ये मोजणीचं अंतर किती ठेवलंय? बऱ्याच बँडमध्ये १, ५, १०, ३० मिनिटं असे पर्याय असतात आणि बॅटरी वाचवायला लोक १० किंवा ३० ठेवतात. दहा मिनिटांच्या अंतरावर ठेवलं असेल, तर ३:०० वाजता आलेला एकच चुकीचा आकडा २:५० आणि ३:१० च्या बिंदूंना रेषेने जोडला जातो. ग्राफवर वीस मिनिटं रुंद डोंगर दिसतो, मुळात मोजणी एकदाच झालेली. म्हणून छडा लावायचाय त्या आठवड्यापुरतं 'दर मिनिटाला' किंवा 'सतत' ठेवा. बॅटरी लवकर संपेल, संपू द्या. आणि आठवड्याचा ग्राफ बघू नका. त्यात दिवसाचा कमाल आकडा घेऊन पट्टी काढलेली असते, वेळ कळत नाही.

मृद्गंधा

पट्ट्याबद्दल नीट लिहा ना कुणीतरी. 'घट्ट बांधा' म्हणजे किती?

ओहमचा_नियम

मृद्गंधाताई, मनगटाच्या बाहेरच्या अंगाला जे हाड वर आलेलं असतं, त्यापासून कोपराच्या बाजूला एक ते दोन बोटं सोडून बांधायचा. हाडावर बसला की सेन्सर एका बाजूने उचलला जातो. हात हलवल्यावर घसरू नये, पण सकाळी खोल वळ उमटला तर फार घट्ट. जास्त आवळला की खालच्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि मोजायला रक्तच उरत नाही.

तपासायची सोपी रीत: खोलीत पूर्ण अंधार करून पडा. बँडच्या कडेने हिरवा उजेड बाहेर सांडताना दिसला तर ढिला आहे. काही घड्याळं विश्रांतीत हिरव्याऐवजी इन्फ्रारेड वापरतात, तो डोळ्यांना दिसत नाही. काही फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून जांभळट ठिपका दिसतो.

आणखी दोन गोष्टी. उशीखाली हात घालून झोपणाऱ्यांच्या हाताचा रक्तपुरवठा दाबला जातो, तेव्हाचे आकडे धरू नका. दुसरी आपल्याकडची खास: त्याच मनगटावर कडं किंवा बांगड्या. कूस बदलताना कडं सरकून बँडला ठोसे मारतं आणि सेन्सर क्षणभर त्वचेपासून सुटतो. एका हातात बांगड्या, दुसऱ्या हातात बँड, एवढं केलं तरी पुष्कळ ग्राफ सुधारतात. घामाचा आणि तेलाचा थर सेन्सरच्या काचेवर बसतो, तो ओल्या कापडाने पुसा. मनगटावर गडद गोंदण असेल तर ती जागा टाळा, शाई प्रकाश खाते.

तिसरी_घंटा

हे सगळं करण्यापेक्षा रात्री बँड काढून ठेवा. आधीची पिढी ग्राफ न बघता झोपत होती. २०१७ साली अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांनी 'ऑर्थोसोम्निया' असं नावच दिलं या प्रकाराला. ट्रॅकरवर परिपूर्ण झोप मिळवायच्या नादात झोप घालवून बसणारे पेशंट त्यांच्याकडे यायला लागले होते. रात्री तीनला उठून ठोके बघितले की ते बघण्यानेच वाढतात.

भूलथाप

घंटासाहेब, शेवटच्या वाक्याशी सहमत. रात्री जाग आली तर स्क्रीन बघू नये. पण 'काढून ठेवा' हा सरसकट सल्ला मला पटत नाही. रात्रीच्या सुळक्यांमागे एक आजार असा आहे की जो झोपलेल्या माणसाला स्वतःला कधीच कळत नाही: स्लीप ॲप्निया. माझ्या टोपणनावावरून पेशा ओळखला असेल. भूल देणाऱ्यांना या लोकांची धास्ती असते, कारण भुलीत आणि भुलीनंतर यांचा श्वासमार्ग पटकन मिटतो.

घडतं असं. घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, दहा सेकंद किंवा जास्त श्वास थांबतो. त्या काळात ठोके मंदावतात. ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो, माणूस घुरकावून श्वास घेतो आणि ठोके एकदम उसळतात. जाग इतकी अर्धवट असते की आठवण राहत नाही. पुन्हा झोप, पुन्हा तेच. सेकंदागणिक ग्राफ असेल तर मिनिटाभराच्या अंतराने करवतीसारखे दाते दिसतात. दर मिनिटाची सरासरी दाखवणाऱ्या बँडमध्ये दाते पुसले जातात आणि ठोके नुसतेच वर, जाडसर, खडबडीत दिसतात. उताणं झोपल्यावर आणि पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत हे वाढतं, म्हणून वेळही बऱ्याचदा दोननंतरची.

२००८ साली टोरांटोच्या भूलतज्ज्ञांनी आठ प्रश्नांची एक यादी केली, स्टॉप-बँग नावाची. मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणीतरी पाहिलेला असणं, रक्तदाब. मग बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मान ४० सेंटिमीटरपेक्षा जाड, आणि पुरुष असणं. तीन 'हो' आले की जोखीम मध्यम, पाच आले की जास्त. तीन किंवा जास्त आले तर झोपेची तपासणी करून घ्यावी. मानेचं माप शिंप्याच्या टेपने, कॉलर बसते तिथे घ्या. श्वास थांबतो का, हे त्याच खोलीत झोपणाऱ्याला विचारा, स्वतः उत्तर देऊ नका.

चिंचगूळ

पुरुष असणं हाच एक गुण! आम्ही घरी आधीपासून म्हणतोय.

सावनी_न्यूजर्सी

चिंचगूळ, हसतेस काय, त्याची दुसरी बाजू अशी की बायकांचा ॲप्निया हुकतो. रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यातही प्रमाण वाढतं, पण तक्रार घोरण्याची नसते. झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं होतं, आणि हे सगळं 'वयाचं आहे' म्हणून सोडून दिलं जातं.

बायकांच्या ग्राफबद्दल आणखी. पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत झोपेतले ठोके सहसा दोन-चारने वर असतात, पाळी सुरू झाली की उतरतात. हा सुळका नव्हे, सगळी पातळीच वर सरकते. गरोदरपणात हळूहळू दहा ते वीसपर्यंत वाढ होते. रजोनिवृत्तीच्या सुमाराला रात्री अंगातून गरम वाफा येतात तेव्हा काही मिनिटांपुरते ठोके वाढून घाम फुटतो. अशा सुळक्यापुढे वहीत 'घाम' एवढं लिहून ठेवलं तरी डॉक्टरला दिशा मिळते.

आजोबा_डोंबिवली

सगळं वाचलं. एवढी यंत्रं आणि इंग्रजी नावं, पण साधं कारण कुणी लिहिलं नाही. पित्त. रात्री साडेदहाला मिसळ नाहीतर पावभाजी खायची, अकराला आडवं व्हायचं, मग पहाटे धडधड होणारच.

केळीवाला_जळगाव

आजोबांना +१. धाग्यावर इनोची पाकिटं वाटण्यात यावीत.

भूलथाप

काका, उशिराच्या जड जेवणाचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण त्यातलं बरंचसं काम पित्ताचं नाही. पोटभर जेवल्यावर आतड्यांकडे जास्त रक्त न्यावं लागतं, शिवाय पचनाची उष्णता. झोपेतले ठोके खाली यायला दोन-तीन तास उशीर होतो. ग्राफवर हे रात्रीच्या पहिल्या भागात दिसतं, सुळका नव्हे तर उतार. घशाशी येणाऱ्या आंबट पाण्याने जाग येऊन ठोके वाढू शकतात, पण मग जाग आठवते. रातकिडा यांनी वर्णन केलेला प्रकार, तीनच्या सुमाराचा आणि जाग नसलेला, त्याला पित्ताचं नाव देऊन ॲप्निया झाकू नये.

दारूचंही असंच, पहिल्या अर्ध्या रात्रीत ठोके चढे. गटारीची रात्र आणि श्रावणातली रात्र शेजारी ठेवून बघा, वेगळा प्रयोग करायला नको.

आजोबा_डोंबिवली

बरं. पण जेवण तीन तास आधी उरकावं, यावर तरी एकमत आहे ना? मग माझं काम झालं.

निशाचर_हिंजवडी

एक अगदी साधी गोष्ट राहतेय. रात्री लघवीला उठणं. उभं राहिलं की ठोके लगेच वाढतात आणि चालून येईपर्यंत ९०-११० सहज होतात. पाच मिनिटांच्या आतली फेरी बरेच बँड 'झोप' म्हणूनच नोंदवतात. सुळक्याच्या मिनिटाला पावलांची नोंद उघडून बघा. २०-४० पावलं असतील तर छडा लागला.

पावलं शून्य, पण हालचाल दिसतेय, तर कूस बदलली. त्यात पाच-दहा सेकंदांत दहा-वीस ठोके वाढतात आणि मिनिटाभरात खाली. तेवढं सगळ्यांचंच होतं. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेतही ठोके वर-खाली होतात आणि अशी झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त. पण ५५ वरून १२५ आणि तेही दहा मिनिटं, याला 'स्वप्न पडलं असेल' म्हणून सोडू नका.

तिसरी_घंटा

पाहिलंत? कूस बदलण्याचाही ग्राफ. आता कुणी घोरण्याचा ग्राफ चढवला की धागा सुफळ संपूर्ण.

साखरसम्राट

मधुमेहींसाठी वेगळं लिहितो, कारण इथे वाट बघत बसणं धोक्याचं. इन्सुलिन घेणारे किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारे लोक रात्री साखर उतरली तरी झोपेतच राहू शकतात. साखर पडली की शरीर ॲड्रेनालिन सोडतं आणि ठोके वाढतात. खुणा: अंगावरचे कपडे ओले, भयानक स्वप्नं, सकाळी डोकं जड. उपासाच्या दिवशी गोळी तेवढीच आणि पोटात वाटीभर साबुदाणा किंवा नुसती फळं, अशा रात्री विशेष संशय घ्या. नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्यांनी तर गोळ्यांचं गणित आधीच डॉक्टरकडून करून घ्यावं.

सुळक्याच्या वेळेच्या आसपास, म्हणजे रात्री दोन-तीनला, गजर लावून ग्लुकोमीटरवर तपासा. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच. झोपेतून नीट जागा न होणाऱ्याच्या तोंडात काही घालू नका, १०८ लावा. गोळीमुळे पडलेली साखर वर येऊन परत पडू शकते, म्हणून एकदा सुधारली की विषय संपला असं नाही. सकाळी डॉक्टरला कळवायचंच. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांमध्ये धडधड आणि थरथर झाकली जाते, तिथे बँडवर सुळका न दिसणं ही खात्री नव्हे.

मृद्गंधा

साखरसम्राट, फार उपयोगी. बाकी औषधांमुळे काय काय होतं?

भूलथाप

दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप झोपताना घेतला तर काही तास ठोके वाढतात. सर्दीच्या गोळ्या-सिरपमधल्या स्यूडोएफेड्रिननेही. थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झाला असेल तर रात्रभर पातळी वर राहते, ते टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) फार खाली गेल्यावरून कळतं. मूळचाच थायरॉइड वाढलेला असला तरी चित्र तेच. रक्त कमी असलं तरी पातळी वर. कॉफी-चहाचं निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, संध्याकाळी सातचा कडक चहा बाराला अर्धा शिल्लक असतो. ताप असेल तर दर अंश सेल्सिअसला साधारण दहा ठोके. मे महिन्यात रात्री लाइट गेली, पंखा बंद, त्यानेही चार-सहा वाढतात.

यातल्या बहुतेक गोष्टींनी रात्रभराची पातळी वर जाते. सुळका मात्र अचानक उठतो आणि बसतो. दोन्ही वेगळे वाचा.

रातकिडा

भूलथाप, म्हणजे आकड्याच्या उंचीपेक्षा तो चढतो-उतरतो कसा, हे जास्त महत्त्वाचं?

ईसीजी_टेक

हो, मी हेच लिहायला आलो होतो. उंचीवर जाऊ नका, कडा बघा.

हृदयाचा नेहमीचा ताल वेगवान होतो तेव्हा तो चढतो आणि उतरतो, कडा तिरक्या असतात. एसव्हीटी नावाचा जलद तालाचा विकार बटण दाबल्यासारखा सुरू होतो: ६० वरून एकदम १५०-२२० च्या मधे कुठेतरी, तिथे जवळजवळ सपाट, आणि तसाच एकदम बंद. ग्राफवर डब्यासारखी आकृती, दोन्ही भिंती उभ्या. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हा अनियमित तालाचा विकार) ठोक्यांमधलं अंतर ठोक्याठोक्याला बदलतं, ग्राफ दातेरी आणि मधे मधे कोराही, कारण बँडला ठरावीक अंतर सापडत नाही आणि तो मोजणी सोडून देतो. शिवाय त्यात काही ठोके इतके दुबळे पडतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. छातीवर १४०, मनगटावर १०५. म्हणजे बँड इथे कमी दाखवतो. जादा ठोके एकाआड एक पडत असतील तर बँड निम्मं मोजतो, ७६ चे ३८. 'ठोके ३८ झाले' म्हणून घाबरून येणाऱ्यांमध्ये हा प्रकार बघावा लागतो.

जाग आलीच तर बोटांनी नाडी बघा. तर्जनी आणि मधलं बोट अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा वापरू नका. तीस सेकंद मोजून दुप्पट. ताल अनियमित वाटला तर पूर्ण एक मिनिट. ईसीजीवालं घड्याळ असेल तर उठून बसण्याआधी, पडल्यापडल्याच ३० सेकंदांची नोंद घ्या, कारण उठलात की चित्र बदलतं. झोपेत ती आपोआप घेतली जात नाही, दुसऱ्या हाताचं बोट लावावं लागतं. आणि ती एकाच कोनातून असते, हार्ट अटॅक त्यातून कळत नाही.

चिंचगूळ

ॲपल वॉच तर स्वतःच सांगतं ना काही असेल तर? मग एवढी यातायात कशाला?

सर्किटवाला

जास्त ठोक्यांची सूचना यायला माणूस दहा मिनिटं निश्चल असताना ठोके ठरलेल्या मर्यादेवर राहावे लागतात. मर्यादा मुळात १२० असते, बदलता येते. चार मिनिटांचा सुळका त्यात बसत नाही, म्हणून सूचना आली नाही याचा अर्थ काही झालं नाही असा होत नाही. अनियमित तालाची सूचना वेगळी. त्याच्या मोठ्या अभ्यासात ४,१९,२९७ लोक होते आणि सूचना ०.५२ टक्क्यांनाच आली. पुढे ईसीजीचा पॅच (छातीला चिकटवून काही दिवस नोंद घेणारा) लावून परत पाठवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांच्या पॅचवर फिब्रिलेशन सापडलं. सूचना आली तर दुर्लक्ष नको, एवढं त्यातून घ्या.

निशाचर_हिंजवडी

मग सरळ हॉल्टर (अंगावर बाळगून सलग ईसीजी नोंदवणारं यंत्र) लावून मोकळं व्हावं. चोवीस तासांत दूध का दूध.

ईसीजी_टेक

निशाचरभाऊ, सुळका दहा रात्रींत एकदा येत असेल तर चोवीस तासांच्या हॉल्टरमध्ये तो सापडायची शक्यता किती, तुम्हीच काढा. रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि माणूस निर्धास्त होतो. म्हणून आधी वही: किती रात्रींत एकदा? रोज येत असेल तर २४ तास पुरे. आठवड्यातून एक-दोनदा असेल तर ७ किंवा १४ दिवसांचा पॅच मागा. महिन्यातून एकदा असेल तर त्याचे मार्ग वेगळे, ते कार्डिओलॉजिस्ट ठरवतील.

हॉल्टरला येताना छातीला तेल, पावडर, बाम काही लावू नका, इलेक्ट्रोड सुटतात. पुढून बटणांचा सैल शर्ट. केस असतील तर तेवढी जागा भादरावी लागते, लाजू नका. यंत्र लावल्यावर अंघोळ नाही, म्हणून करून या. आणि सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट: यंत्राचं घड्याळ आणि तुमच्या फोनचं घड्याळ यांत काही मिनिटांचा फरक असू शकतो. लावतानाच टेक्निशियनला यंत्रातली वेळ विचारा आणि फरक वहीत लिहा. नाहीतर बँडचा ३:१२ चा सुळका आणि हॉल्टरचं ३:१२ जुळत नाही, आणि 'त्या वेळी काहीच नव्हतं' असा निष्कर्ष निघतो.

अवांतर: हॉल्टर हे माणसाचं नाव आहे. नॉर्मन हॉल्टर, अमेरिकेतल्या माँटानाचे. त्यांचं सुरुवातीचं यंत्र पाठीवर वाहून न्यायचं होतं, वजन चाळीस किलोच्या घरात.

केळीवाला_जळगाव

चाळीस किलो पाठीवर घेतल्यावर कुणाचेही ठोके १२० होतील.

तिसरी_घंटा

हा माणूस एकटाच मुद्द्याचं बोलतोय. (दिवा घ्या, गंमत आहे.)

ओहमचा_नियम

हॉल्टरच्या आधी मधली पायरी सांगतो, छातीचा पट्टा. तो प्रकाशावर नव्हे, हृदयाच्या विद्युत संकेतावर चालतो, त्यामुळे दुप्पट मोजणीचा वर सांगितलेला प्रकार त्यात नाही. पोलार एच१० सारख्या पट्ट्यात एक सत्र आतल्या आत साठवता येतं, फोन रात्रभर शेजारी लागत नाही. ॲपमधून सत्र सुरू करायचं, झोपायचं, सकाळी उतरवून घ्यायचं. बँडही त्याच रात्री घाला. दोन्ही ग्राफ एकाखाली एक ठेवले की बँडचा सुळका खरा की खोटा, हे लगेच कळतं.

पण पट्टाही फसवतो. व्यायामात घामाने इलेक्ट्रोड ओले राहतात, झोपेत कोरडे पडतात. कोरडा इलेक्ट्रोड आणि त्यावर घासणारा सिंथेटिक टीशर्ट, की १८०-२०० चे टोकदार काटे दिसतात, अगदी सेकंदाभराचे. पाणी रात्रभर टिकत नाही, जेल लावा. सुती शर्ट घाला. पट्टा छातीच्या स्नायूंच्या बरोबर खाली. पालथं झोपणाऱ्यांचा तो गुंडाळून वर सरकतो, त्यांनी थोडा आवळून बांधावा.

भूलथाप

रातकिडा यांच्या मूळ प्रश्नाकडे येते, सोबत काय न्यायचं. फोनमधले चाळीस स्क्रीनशॉट नकोत. एक कागद, त्यावर दहा-पंधरा रात्रींचा तक्ता: तारीख, सुळक्याची वेळ, आधीचा आकडा, कमाल आकडा, किती मिनिटं, पावलं होती का, जाग आली का, जेवणाची वेळ, घेतलेली औषधं. मागच्या बाजूला स्टॉप-बँगची उत्तरं. उत्तम नमुन्याचा एकच ग्राफ, सेकंदाचा किंवा मिनिटाचा, छापून. पहिल्या भेटीत बारा लीडचा ईसीजी, हिमोग्लोबिन, टीएसएच, पोटॅशियम इतकं होईल, पुढचं त्यावरून.

तक्ता भरत बसू नये अशी परिस्थिती: चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, दम लागून जाग येणं, आधीपासून हृदयाचा आजार, घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलेलं, किंवा डब्याच्या आकाराचा १५० च्या वरचा सुळका. यात त्याच आठवड्यात भेटा. दुखणं किंवा चक्कर चालू असताना थेट इमर्जन्सी.

आजोबा_डोंबिवली

तक्त्यात जेवणाची वेळ आहे हे पाहून बरं वाटलं.

रातकिडा

सगळ्यांचे आभार. तक्ता एक्सेलमध्ये करून इथेच चढवतो. शेवटची शंका: छातीच्या पट्ट्यावर रात्रभर ५५ आणि बँडवर त्याच वेळी ११२ आलं तर विषय संपला का?

सर्किटवाला

हृदयाचा संपला, बँडचा नाही. हात बदला, दोन बोटं वर सरकवा, ॲप अपडेट करा. तरी दुप्पट येत असेल तर त्या बँडच्या रात्रीच्या आकड्यांना भाव देऊ नका, पावलं मोजायला वापरा. मात्र अशा दोन-तीन रात्री मिळाल्याशिवाय निकाल लावू नका. ज्या रात्री सुळकाच आला नाही, ती रात्र पुरावा म्हणून धरू नका.

मृद्गंधा

जेल कुठलं? ईसीजीचं वेगळं असतं का?

ओहमचा_नियम

मेडिकलमध्ये अल्ट्रासाउंड जेल मागा, एका रात्रीसाठी चालतं. दोन्ही इलेक्ट्रोडवर वाटाण्याएवढं पुरे. मधल्या भागाला लावू नका, दोन्हीकडचं जेल एकमेकांना मिळालं तर संकेत बिघडतो. सकाळी पुढचा डबीचा भाग पट्ट्यापासून सोडवून ठेवा, जोडलेला आणि ओला राहिला तर तो चालूच राहतो आणि बॅटरी संपते. पट्टा वाहत्या पाण्याखाली धुवा, वाळलेलं जेल इलेक्ट्रोडवर राहिलं तर पुढच्या वेळी तेच काटे दिसायला लागतात.